मागचं डावं

थंडी पडली की पहिला दिवा माझ्या गाडीत लागतो.
पिवळा. घोड्याच्या नालेसारखा, खाली दातेरी,
मधे उद्गारचिन्ह:
तोंड न उघडता कुणी ओरडावं तसं.

मागचं डावं. अठ्ठावीस.
काल संध्याकाळी तीस होतं,
परवा भरलं तेव्हा तेहतीस.

दुपारी तो आपोआप विझतो.
डांबर तापतं, आतली हवा अंग ताणते,
आकडा एकतीसवर येतो
आणि मी, गुरांची डॉक्टर,
दर वेळी समजते, झालं बरं.
ताप उतरला की औषध सोडणाऱ्यांवर
मीच रोज डाफरते.

डिकीत वासरं ओढायचे दोर, कॅल्शियमच्या बाटल्या,
त्यात एक लहानसा पंप.
सकाळी सात मिनिटं तो घरघरतो,
कुंपणापलीकडून खोब्रागडे सर दात घासत म्हणतात,
दाखवून टाका एकदाचं.
बघू, म्हणते मी.
तीन आठवडे झाले बघते आहे.

मग बुधवारी, रात्री साडेअकराला फोन.
दावं तोडून बैल हरभऱ्यात शिरला,
दवानं ओला पाला खाल्ला,
आता ढोल झाला आहे, या.

लोणबेहळ फाटा ओलांडला तेव्हा चोवीस.
नाल्यावरच्या पुलाशी तेवीस.
रस्त्यात एक ससा, दोन डोळे, बाकी काळोख.
गाडी किंचित डावीकडे ओढत होती,
लहान मूल पदर ओढतं तशी, हळूच, पण सारखी.

गोठ्यात टॉर्च धरून प्रल्हाद उभा,
त्याची बायको बैलाच्या मानेला मिठी घालून.
फुगली होती डावीच कूस.
टिचकी मारली, नगारा वाजला.
मी जागा चाचपली, नळी खुपसली,
आणि आंबट हिरवा वास सुस्कारत बाहेर आला.
सोडा ना सगळी एकदम, प्रल्हाद म्हणाला.
नाही. एकदम सोडली तर कोसळतो.
बोट ठेवायचं नळीवर, उचलायचं, ठेवायचं.
पाऊण तास मी बोटानं
एक बारीक गळती सांभाळत बसले.
पहाटेकडे बैलानं शेपटी हलवली.

गाडीशी आले. एकोणीस.
पंप लावला तर बॅटरीच कुरकुरली.
वीसच्या वेगानं, खड्डे चुकवत,
फाट्यावर कवडू मेश्रामच्या टपरीपर्यंत आले.
(आधीची तीन गेली, म्हणून आईनं याला
कवडीला विकून परत घेतला;
तेव्हापासून हेच नाव.)
तो कानटोपीतून बाहेर पाहत म्हणाला,
काहून एवढ्या पहाटे?

चाक टाक्यात बुडवलं.
पाण्यावर पातळ साय होती बर्फासारखी.
काही नाही.
काही नाही.
मग एक बुडबुडा, मोहरीएवढा.
आठ मोजले, तेव्हा दुसरा.

बाभळीचा काटा. बाहेरून मोडलेला,
आत बोटाच्या पेराएवढा.
मी चिमटा मागितला, तर हात धरला त्यानं.
थांबा मॅडम. काटाच बूच हाय.
रातच्याले उपसला असता तुमी,
तं तिथंच बसल्या असत्या.
आधी दोरा तयार करून ठेवा लागते, मंग काटा.

दोरा भरला, पाण्यात दाबलं, पाणी गप्प.
शंभर रुपये, अन् चहा त्याचाच.
निघाले तरी दिवा तसाच पिवळा.
खिडकीत वाकून कवडू म्हणाला,
चालवा थोडी. त्याले उशिरा समजते.

तीन किलोमीटरवर, एका कापसाच्या ढिगाऱ्याशी,
तो विझला.
मी पाहिलं नाही विझताना. विझलेला पाहिला.

आज सकाळी तेहतीस.
तरी पंप हातात घेऊन
मागच्या डाव्या चाकाशी उभी राहिले सात मिनिटं.
खोब्रागडे सरांनी ब्रश थांबवला.
काय झालं?
काही नाही, म्हटलं. आणि खरंच काही नव्हतं.